पात्र आहे, आमंत्रित नाही

वडाळा नाका, नाशिक
गुरुवार

आदरणीय सौ. उज्वलाताई यांच्या सेवेशी नाझियाचा सलाम. आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार वेगळा सांगावा, कारण त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. दाजींचा खोकला कसा आहे? शीतगृहात सारखं आतबाहेर करताना मफलर बांधत जा, असं अम्मींनी गेल्या वर्षी सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नसणारच. मुलं मजेत असतील. आमच्याकडे सगळे ठीक. अम्मींचे गुडघे होते तसेच आहेत, फरहान दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासतोय, आणि माझी तब्येत उत्तम असून फक्त डोकं तेवढं तीन आठवड्यांपासून फिरलेलं आहे. या पत्रात तुला शेवटपर्यंत 'आपण' म्हणायचं, असं ठरवून बसले होते. पण जिला वीस वर्षं 'तू' म्हटलं तिच्यावर 'आपण' म्हणून धड रागावताही येत नाही. तेव्हा तू.

पत्र अशासाठी, की व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक केलंय. फोनवरही केलंय. करताना एवढं लक्षात आलं नाही की आता भांडायचं कसं. (फरहान म्हणाला, ब्लॉक काढ, भांड, परत घाल. म्हणजे मीच नमतं घेतल्यासारखं होईल. शिवाय तुला तिकडे दिसलं असतं.) म्हणून कागद. यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. पण माझ्या बाजूला काय काय झालं ते तू एकदाही विचारलं नाहीस, तेव्हा आता पहिल्यापासून वाच, आणि दाजींनाही वाचून दाखव. त्यांना कळावं म्हणून मी सगळं फोडून सांगते आहे.

वजीर लीग ही त्या बुद्धिबळाच्या कंपनीची सगळ्यात मोठी ऑनलाइन स्पर्धा. आठ पुरुष, आठ बायका, सगळे आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर, तीन-तीन मिनिटांचे डाव, आणि बघायला हजारो माणसं. गेल्या वर्षी आपण दोघीही होतो. तू दुसरी आलीस, मी तिसरी. पुरुषांच्या गटात जो गृहस्थ सातही सामने हरला, त्याला शेवटचा क्रमांक पटकावल्याबद्दल दोन लाख मिळाले. आपल्या गटात जी बाई पहिली आली तिला दीड. आपले पैसे हातात आले चार महिन्यांनी, आणि माझे तर दहा टक्के कापून आले. का कापले ते तुला माहीत आहे, पण दाजींनी ते फक्त क्लिपमध्ये पाहिलंय, म्हणून सांगते. लबाडी होऊ नये म्हणून दोन कॅमेरे लावायचा नियम आहे, एक समोर आणि एक पाठीमागे. पाठीमागचा म्हणून मी अम्मींचा फोन पिठाच्या डब्यावर उभा केला होता. चौथ्या फेरीत, माझा हत्ती अडकलेला असताना, खालून लंकाबाई मेथीवालीची हाक आली. अम्मींनी आपला फोन आपला म्हणून उचलला आणि त्या खाली गेल्या. पुढची अकरा मिनिटं चाळीस हजार लोकांनी आमचा जिना पाहिला, लंकाबाईची हातगाडी पाहिली, आणि दोन जुड्यांवरून झालेली घासाघीस शब्दन् शब्द ऐकली. मी इकडे डाव जिंकले तो कुणी पाहिला नाही. शिस्तभंग म्हणून कंपनीने माझे पैसे कापले, आणि तीच मेथीची क्लिप कापून आपल्या पानावर टाकली. अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी ती पाहिली. लंकाबाईला अजून लोक ओळखतात. मला नाही.

तेव्हा या वर्षी आपण पाच जणींनी ठरवलं. पिंपळगावला तुझ्याच घरी ठरवलं, ताई, तुझ्याच ओट्यापाशी उभं राहून, व्हिडिओ कॉलवर बाकीच्या तिघी. बायकांना पुरुषांइतके पैसे मिळत नाहीत आणि आमंत्रण कोणत्या नियमाने देतात ते लिहून मिळत नाही, तोवर कुणीही आमंत्रण स्वीकारायचं नाही. नकाराचा मजकूर मी लिहायचा ठरला, कारण नवरा उर्दू शाळेत मराठी शिकवतो. त्या सहा ओळींना आम्हाला तीन दिवस लागले. 'मोबदला' लिहायचं की 'मानधन' यावर आमचं दोघांचं एक संध्याकाळ बोलणं बंद होतं. (मी म्हटलं, मानधन म्हणजे ज्यात धन कमी म्हणून मान वर टाकतात. इथे दोन्ही कमी आहेत. मोबदलाच लिही.) शेवटी 'आम्ही सन्मानाने नकार देतो' असा मजकूर झाला आणि मी तो ग्रुपवर टाकला. तुम्ही चौघींनी हात जोडलेली, डोळे पुसणारी, मुठी आवळलेली सगळी चित्रं पाठवली.

मग आमंत्रणं आली. तुला सोमवारी, नागपूरवालीला मंगळवारी, उरलेल्या दोघींना बुधवारी सकाळी. मी बुधवारी दिवसभर मेल उघडून बसले. कचऱ्याच्या मेलमध्ये पाहिलं. जुना पत्ता पाहिला. फरहानच्या शाळेच्या पत्त्यावर गेलं असेल म्हणून त्याला विचारलं. गुरुवारी तुम्ही चौघींनी माझा मजकूर जसाच्या तसा कंपनीला पाठवला आणि शुक्रवारी पेपरात बातमी आली, चार अव्वल महिला खेळाडूंचा बहिष्कार. चार. मी त्या वार्ताहराला फोन करून सांगितलं की आम्ही पाच आहोत. तो सभ्य माणूस होता. त्याने विचारलं, मॅडम, तुम्ही कोणतं आमंत्रण नाकारलंत? मी म्हटलं, येईल ते. तो म्हणाला, आलं की कळवा.

ताई, तुला ही परिस्थिती समजते आहे का? मी संपावर होते आणि मला कामावरच घेतलेलं नव्हतं. घरात तयार नकार, इस्त्री करून ठेवल्यासारखा, आणि तो द्यायला दारात कुणी नाही. अम्मी रोज संध्याकाळी विचारायच्या, आला का बुलावा. नाही म्हटलं की सुपारी कातरत तेच एक वाक्य म्हणायच्या.

"जिसको बुलाया नहीं, उसका रूठना कौन देखता, बेटा?"

त्या प्रेमानेच म्हणायच्या. म्हणूनच जास्त लागायचं.

शेवटी मी कंपनीत फोन केला. खेळाडूंशी बोलायला त्यांनी रोहित नावाचा एक अधिकारी नेमलाय. (आवाजावरून पस्तिशीचा वाटतो. फार नम्र. इतकी नम्र माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्यावर ओरडायला धरायला काही मिळत नाही.) त्याने सांगितलं की आमंत्रणं समिती ठरवते. समितीत कोण? ते गोपनीय. नियम काय? रेटिंग, आणि शिवाय लोकांचा प्रतिसाद. म्हणजे लोक तुम्हाला किती पाहतात ते. माझी जागा पुण्याच्या एका मुलीला गेली होती. ती बुद्धिबळाच्या पटासमोर नाचते. छान नाचते, माझा तिच्यावर राग नाही, पण मध्यंतरी एका डावात तिने राजा आणि वजीर अदलाबदल करून मांडले होते आणि नवव्या चालीपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी रोहितला म्हटलं, प्रतिसादाचंच म्हणाल तर गेल्या वर्षी सगळ्यात जास्त माणसांनी पाहिलं ते माझ्या घरचं. तो म्हणाला, हो मॅडम, पण मेथीची क्लिप लीगच्या पानावर आहे. ती तुमच्या नावावर धरलेली नाही. आणि धरायची झालीच तर त्यात तुम्ही दिसत नाही.

मग मी त्याला खरं काय ते सांगितलं. म्हटलं, मला खेळायचं नाही. मला फक्त आमंत्रण पाठवा. मी ते नाकारणार आहे. एका तासात नाकारते, तुमचा काही खर्च नाही. त्यावर त्याने कुणाला तरी विचारून येतो म्हणून मला संगीत ऐकवलं, आणि परत येऊन म्हणाला, "मॅडम, जी व्यक्ती नकार देणार हे आधीच माहीत आहे तिला आमंत्रण पाठवणं आमच्या धोरणात बसत नाही."

मी फोन ठेवला आणि अम्मींच्या हातातला अडकित्ता घेऊन पाव किलो सुपारी कातरली. अजून पुरते आहे.

आता तुझ्याकडे येते. पेपरातल्या बातमीनंतरच्या गुरुवारी सकाळी तू मला फोन केलास. आपण वीस मिनिटं बोललो. आपल्याला पट शिकवणाऱ्या सटाण्याच्या निवृत्ती सरांच्या मोतीबिंदूबद्दल बोललो, सासूबाईंच्या लोणच्याला बुरशी आली त्याबद्दल बोललो, कैरी चिरून आधी वाळवायची की नाही यावर तू मला पाच मिनिटं शिकवलंस. मी तुला म्हटलं, ताई, मला आमंत्रण आलंच नाही गं. तू म्हणालीस, येईल, धीर धर. आणि त्याच दुपारी तू कंपनीच्या करारावर सही केलीस. तुम्ही चौघींनी केली. कंपनीने प्रत्येक जागेचे किमान एक लाख कबूल केले, पुरुषांच्या निम्मे, आणि आमंत्रणाच्या नियमांचं 'पुढील वर्षी पाहू' असं एका ओळीत. माझ्या सहा ओळींचं हे झालं. मला कसं कळलं? ग्रुपचं नाव बदललं तेव्हा. 'समान मोबदला'चं 'वजीरच्या राण्या' झालं, आणि खाली नागपूरवालीने लिहिलं की आपल्या लढ्याला शब्द देणाऱ्या बहिणीचे आभार. माझं नावसुद्धा नाही. तू तिच्या त्या ओळीला अंगठा दिलास.

वाढ मिळाली म्हणून मी रागावलेली नाही, हे नीट लक्षात घे. तुमच्या घरी किती माणसं, किती तोंडं, मला माहीत आहे, आणि शीतगृह दाजींच्या भावांचं आहे, तुझ्या हातात त्यातलं काही येत नाही हेही माहीत आहे. लाख रुपये तुझ्या स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच येणार होते. मला सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, कर सही. रागावले असते, पण म्हटलं असतं. माझा राग त्या वीस मिनिटांवर आहे. कैरीवर आहे. सटाण्याला बारा वर्षांखालच्या स्पर्धेत तू मला हरवलंस आणि मी रडत बसले, तेव्हा बाकीच्या मुली लपवतात तसं न लपवता तू माझ्यासमोर बसून चूक कुठे झाली ते चाल-चाल करून दाखवलं होतंस. माझ्या अब्बांनी घरी येऊन सांगितलं, ही पोरगी हरवते पण फसवत नाही. नजीर टेलरचं एखाद्या माणसाबद्दलचं माप कधी चुकत नसे. कपड्यांचं चुकायचं.

असो. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. बाहेरच्यांसाठी म्हणून त्यांनी एक पात्रता स्पर्धा ठेवली होती, सहाशे बायका आणि जागा एक. (ती नाचणारी मुलगी मध्येच जाहिरातीच्या कामाला गेली, म्हणून ती एक.) मी नाव घातलं. फरहान म्हणाला, नाकारायलाच जायचंय तर सहाशे जणींना हरवून कशाला. मी म्हटलं, दुसरा रस्ता दाखव. रविवारी दुपारी शेवटच्या सामन्यात पोहोचले आणि बरोब्बर वीज गेली. लॅपटॉप चालू, इंटरनेट बंद. तेव्हा फरहान स्वतःचा फोन हातात धरून गॅलरीच्या टोकाला उभा राहिला, कारण रेंज तिथेच येते आणि तीही हात वर केला तर. पाव तास हात वर. दोन रिक्षा थांबल्या आणि समोरच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उलट हात हलवला. हात खाली आला की माझं घड्याळ पळायचं आणि पट गोठायचा. मी आतून काही बोलले की तो परत वर. बायकोसाठी एवढा वेळ हात वर करून उभा राहिलेला मराठीचा शिक्षक जिल्ह्यात दुसरा नसेल.

समोर मालेगावची फलक नावाची मुलगी होती. कॉलेजात शिकते, यंत्रमागवाल्यांच्या घरची, फार सुंदर खेळते. मी दोन डावांत दीड-अर्ध्याने जिंकले आणि जिंकल्यावर बरं वाटलं नाही. तिचा लगेच मेसेज आला, की आपा, पेपरातला तो मजकूर तुम्ही लिहिला असं ऐकलं, मी तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलाय. मी तिला काय उत्तर देणार? ज्यांनी सही केली त्यांनी कुठे उतरवलाय, ते कळवशील का?

तर सोमवारी अखेर मेल आला. अभिनंदन, आपण पात्र ठरला आहात. खाली पैसे, चाळीस हजार. मी पुन्हा रोहितला फोन लावला. म्हटलं, बाकीच्या सात जणींना लाख आणि मला चाळीस हजार, हे कोणत्या हिशेबाने? तो म्हणाला, नवा दर आमंत्रित खेळाडूंसाठी आहे. कलम नऊ. तुम्ही पात्रतेतून आलात, तुम्हाला मागच्या वर्षीचा दर.

"म्हणजे मी पात्र आहे, आमंत्रित नाही," मी म्हटलं.

"अगदी बरोबर, मॅडम," तो म्हणाला. समजावून सांगायला लागलं नाही याचा त्याला आनंद झालेला दिसला.

बघ ताई. सात जणी आमंत्रित, त्या पात्र आहेत का हे कुणी विचारत नाही. एक पात्र, तिला आमंत्रण नाही. वाढ मागणारा मजकूर जिचा, तिलाच वाढ नाही. अम्मींना मी हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी सुपारी खाली ठेवली आणि रोहितचा नंबर मागितला. मी दिला नाही. माणूस म्हणून तो वाईट नाही.

पण आता माझ्याकडे नाकारायला काहीतरी आहे. उद्या संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचंय. तोच मजकूर, त्याच सहा ओळी, माझ्या एकटीच्या सहीने जातील. तुम्ही खेळा. मी पाहणारसुद्धा नाही.

सासूबाईंना पुन्हा नमस्कार. तुला काहीच नाही.

नाझिया फरहान शेख

ता.क. शुक्रवार, दुपार. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. नकार पाठवायच्या आधी शेवटचं म्हणून रोहितला फोन केला, तर तो पहिल्यांदाच नम्र नव्हता. म्हणाला, तुमच्या पिंपळगावच्या मैत्रिणीने आमचं डोकं खाल्लंय. मंगळवारीच मेल केलाय म्हणे त्यांनी, आठव्या जागेला तोच दर द्या, नाहीतर सातवीही रिकामी धरा. मी तो मेल वाचून दाखवायला लावला. मजकूर माझाच. 'आम्ही'चं तेवढं 'मी' केलंस आणि पुढे तसंच ठेवलंस. 'मी सन्मानाने नकार देतो.' फरहान म्हणाला, इथे 'देते' हवं. मी म्हटलं, राहू दे, शोभतंय. पण ताई, ही गोष्ट मला त्या माणसाकडून कळावी, तुझ्याकडून नाही, याचा मला आधीपेक्षा जास्त राग आला आहे. मी ब्लॉक केलं होतं हे खरं. पण पत्र लिहिता येतं. मी लिहिलंच ना.

ता.क. २. वर जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. कैरीचं तर अजिबात नाही. मी नकार पाठवलेला नाही. 'दर समान असल्यास खेळेन' एवढं कळवलं. त्यावर 'विचार करू' असं उत्तर आलंय. सामने बुधवारपासून आहेत. आमच्याकडे बुधवारी तर वीज हमखास जाते, आणि फरहानचा उजवा हात अजून खांद्यापर्यंत येत नाही. तुमच्या शीतगृहाला जनरेटर आहे आणि घरापर्यंत वायर आहे, हे मी गेल्या वेळी पाहिलं होतं. तर मागची खोली मिळेल का? अम्मींनाही आणते, त्यांना इथे फोनपाशी ठेवणं धोक्याचं आहे. दोन गाद्या पुरतील. जेवणाचं काही करू नकोस, आम्ही घेऊन येऊ. (लोणचंही.)

ता.क. ३. आत्ता यादी पाहिली. पहिल्याच फेरीत तुझी-माझी गाठ आहे. नियमाने खोल्या वेगळ्या लागतात, तेव्हा तू पुढच्या खोलीत, मी मागच्या, मधलं दार लावून. अपराधी वाटतं म्हणून हरलीस तर परत ब्लॉक करीन. बरोबरी मागू नकोस, मी देऊन टाकीन. आणि कंपनीने पैसे समान केले नाहीत, तर आपण दोघी खेळणार नाहीच. मग मधलं दार उघडू आणि तिथेच खाली बसून खेळू. पांढरी मोहरी माझी.